रडार डिटेक्टर घ्यावा का? न्यू जर्सीसाठी एक उत्तर, मुंबई-पुण्यासाठी दुसरं

अमेरिकेतल्या भावाला ‘येताना एक रडार डिटेक्टर घेऊन ये’ असा निरोप धाडण्याआधी हे वाचा. तो भाऊ स्वतः न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये रोज शे-शंभर मैल गाडी चालवत असेल तर त्यानेही वाचावं, कारण त्याच्यासाठी उत्तर वेगळं आहे. पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल आधीच देणारं तेच यंत्र तिकडे वेगाची एक-दोन तिकिटं, म्हणजे चलानं, टळली की पैसे वसूल करून देतं आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नुसतं काचेला चिकटून राहतं. फरक एवढाच की त्या त्या रस्त्यावर पोलीस वेग मोजतात कशाने. घेण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारायचा. किंमत, कंपनी, पडदा केवढा, हे सगळं नंतर.

पोलिसांची रडार गन रेडिओलहरींचा झोत सोडते. तो गाडीवर आपटून परत येतो तेव्हा त्याची फ्रिक्वेन्सी गाडीच्या वेगाच्या प्रमाणात बदललेली असते. फलाटावर उभं असताना भोंगा वाजवत येणाऱ्या गाडीचा सूर चढा लागतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो, तोच हा डॉप्लर परिणाम. २४.१५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या गनला ताशी एक किलोमीटर वेगामागे साधारण ४४.७ हर्ट्झचा फरक मिळतो. ताशी १०० ने येणारी गाडी सुमारे ४,४७० हर्ट्झचा फरक पाडते. हा आकडा माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या सुरांत मोडतो, म्हणून बऱ्याच गनांमध्ये तो सूर स्पीकरवर ऐकवायची सोय असते. गाडी जितकी वेगात तितका सूर बारीक. चार गाड्या एकदम येत असतील तर पडद्यावरचा आकडा त्यातल्या नेमक्या कोणत्या गाडीचा, हे ठरवायला पोलिसाला त्या सुराची मदत होते.

अमेरिकेत पोलिसांच्या रडारला तीन पट्टे ठरवून दिलेले आहेत. एक्स बँड १०.५२५ गिगाहर्ट्झवर, के बँड २४.०५ ते २४.२५ आणि केए बँड ३३.४ ते ३६.० गिगाहर्ट्झ. एक्स आता जवळपास संपला आहे. ओहायो आणि न्यू जर्सीच्या काही भागांत तो अजून टिकून आहे. हल्लीच्या बहुतेक गना केए बँडवर असतात आणि त्यातही ठरावीक तीन जागांवर. ३३.८ वर एमपीएच कंपनीची बी थ्री, ३४.७ वर स्टॉकर, ३५.५ वर कस्टम सिग्नल्स. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे सेटिंग करताना लागणार आहेत.

डिटेक्टर हा मुळात एक अतिशय संवेदनशील रेडिओ. तो वेग मोजत नाही, फक्त ऐकतो. आत छोट्या कर्ण्याच्या आकाराचा धातूचा अँटेना असतो. तो लहरी गोळा करतो, लागलीच एक ॲम्प्लिफायर त्यांना ताकद देतो, आणि यंत्रात तयार केलेल्या दुसऱ्या लहरीशी त्यांची गाठ घालून त्या हाताळता येतील इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरवल्या जातात. घरच्या जुन्या रेडिओत स्टेशन लावताना काटा फिरतो, तसा डिटेक्टर आपला ‘काटा’ संपूर्ण पट्ट्यावरून सेकंदात अनेक वेळा फिरवतो. केए बँड तब्बल २.६ गिगाहर्ट्झ रुंद आहे. तो सगळा चाळायचा तर एका फेरीला वेळ लागतो, आणि एखादी गन क्षणभरच चालू झाली तर ती फेरीच्या मध्ये निसटू शकते. चांगल्या आणि स्वस्त यंत्रातला खरा फरक इथे आहे. किती हलकी लहर ऐकू येते आणि फेरी किती लवकर पूर्ण होते, या दोनच गोष्टींचे पैसे आपण मोजतो.

पोलिसाच्या आधी डिटेक्टरला कसं कळतं, यामागचं गणित साधं आहे. गनच्या लहरीला गाडीपर्यंत जाऊन परत यायचं असतं. अंतर दुप्पट झालं की परतीची ताकद सोळा पटींनी घटते. डिटेक्टरकडे ती लहर एकेरी प्रवास करून येते, त्यामुळे अंतर दुप्पट झालं तरी ताकद चारच पटींनी कमी होते. गनला तुमची गाडी धड दिसण्याच्या कितीतरी आधी तिचा झोत तुमच्या काचेवर पडलेला असतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर उत्तम यंत्र दोन-तीन किलोमीटरवरून इशारा देतं. वळण, टेकडी, मोठा ट्रक मध्ये आला की तेच अंतर काहीशे मीटरवर येतं. ताशी ११० ने जाताना ८०० मीटर म्हणजे २६ सेकंद.

हा इशारा प्रत्यक्ष कसा दिसतो ते नीट समजून घ्या, कारण यंत्र वापरायला शिकणं म्हणजे हेच शिकणं. पडद्यावर आधी एकच दांडी उमटते, शेजारी ३४.७०१ असा आकडा आणि पुढच्या दिशेचा बाण. बीप सावकाश, मध्ये मध्ये गप्प. अर्ध्या मिनिटात दांड्या दोनाच्या तीन, तिनाच्या चार होतात, बीपमधलं अंतर कमी होत जातं, पण आकडा ३४.७ च्या आसपासच राहतो. ही खरी गन. आता दुसरं चित्र: २४.१६ च्या आसपासचा एखादा आकडा एकदम चार-पाच दांड्यांनी येतो, बाण मागून बाजूला सरकतो, शेजारच्या लेनमधली एसयूव्ही पुढे निघून गेली की सगळं थंड. ती त्या गाडीच्या आरशाजवळच्या ‘ब्लाइंड स्पॉट’ची सूचना देणारी रडार होती. हळूहळू चढत जाणारा आणि आकडा न सोडणारा इशारा गंभीरपणे घ्यायचा. एकदम पूर्ण जोरात येऊन विरणारा बहुतेक वेळा खोटा असतो. बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही, कारण पुढचा प्रकार.

पोलीस गन हातात धरून ती बंदच ठेवतो. तुमची गाडी दोनशे मीटरवर आली की खटका दाबतो. आकडा सेकंदाभरात मिळतो. इशारा पूर्ण ताकदीने येतो आणि तो येईपर्यंत वेग नोंदला गेलेला असतो. याला तिकडे ‘इन्स्टंट ऑन’ म्हणतात. यावर एकच आशा: तुमच्या पुढे किलोमीटरभरावर चाललेल्या गाडीवर त्याने खटका दाबला, तर ती निसटती लहर तुमच्या यंत्राला सेकंद-दोन सेकंद ऐकू येते. एकच बारीक बीप, पुन्हा शांतता. नवखा माणूस ती खोटी समजून सोडून देतो. केए बँडवरचा असा एक तुटका बीप सगळ्यात मोलाचा असतो. रात्री मोकळ्या रस्त्यावर पुढे कुणीच नसेल तर तो बीपही मिळत नाही.

लेझर गन हा डिटेक्टरचा खरा पराभव. ती रेडिओलहरी सोडतच नाही. डोळ्याला न दिसणाऱ्या, ९०४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचे सेकंदाला शेकडो झटके गाडीवर मारते, प्रत्येक झटका परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते, आणि अंतर कसं घटत गेलं त्यावरून वेग. हे सगळं साधारण तिसरा हिस्सा सेकंदात उरकतं. तेवढ्या वेळात ताशी १०० ने जाणारी गाडी नऊ-सव्वानऊ मीटर पुढे सरकलेली असते. झोत इतका अरुंद की तीनशे मीटरवर त्याची रुंदी जेमतेम ९० सेंटिमीटर. पोलीस नेम धरतो नंबर प्लेटवर किंवा दिव्यांवर, आणि डिटेक्टर बसलेला असतो त्याच्या मीटरभर वर, काचेमागे. त्याच्या वाट्याला विखुरलेला प्रकाश आला तर आला. आला तरी तो ‘तुमचा वेग मोजला’ एवढंच सांगतो. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘लेझर’ लिहिलेलं असतं, ते खोटं नाही. पण त्याचा अर्थ गिऱ्हाईक समजतं तो नाही.

तिसरा प्रकार सरासरी वेगाच्या कॅमेऱ्यांचा. एका कमानीखालून गाडी गेली की नंबर आणि वेळ टिपली जाते, पुढच्या कमानीखाली पुन्हा. मधलं अंतर भागिले लागलेला वेळ. इथे रडारही नको, लेझरही नको, आणि डिटेक्टरला ऐकण्याजोगं हवेत काहीच नसतं. समजा दोन कमानींत १० किलोमीटर आहेत आणि मर्यादा १००. सहा मिनिटांच्या आत पोहोचलात की वेगमर्यादा मोडली. पहिले ८ किलोमीटर १३० ने पळवले आणि कमानी दिसल्यावर उरलेले २ किलोमीटर ८० ने काढले, तरी एकूण वेळ ५ मिनिटं ११ सेकंद, सरासरी जवळपास ११६. कॅमेऱ्यासमोर ब्रेक दाबायची सवय इथे काहीच कामाची नाही, उलट मागच्या ट्रकला ती घातक.

आता महाराष्ट्रात या. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांमध्ये लेझर स्पीड गन असते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून आयटीएमएस म्हणजे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा चालू झाली आणि तिच्यात कमानी-कमानींमधला सरासरी वेगही मोजला जातो. म्हणजे आपल्याकडे जे दोन प्रकार जास्त दिसतात, नेमके तेच डिटेक्टरच्या ताकदीबाहेरचे. शहरांत काही ठिकाणी रडार जोडलेले ठरावीक जागेचे कॅमेरे आहेत. पण ते खांब जागचे हलत नाहीत, फोनवरच्या नकाशात त्यांची खूण असते, आणि तेवढ्यासाठी पन्नास हजारांचं यंत्र काचेवर लावण्यात अर्थ नाही.

त्याहून वाईट म्हणजे ऑनलाइन दोन-चार हजारांत मिळणारे डबे. खोक्यावर ‘१६ बँड’, ‘३६० अंश’ असं छापलेलं असतं. पोलिसांच्या रडारला १६ बँड नसतातच; तेच पट्टे वेगवेगळ्या नावांनी मोजून आकडा फुगवलेला असतो. आतला रिसीव्हर बोथट, खोटे इशारे वगळणाऱ्या गाळण्या जवळजवळ नाहीत. मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारापाशी तो ओरडतो, कारण ती दारंही २४ गिगाहर्ट्झच्या आसपासची सेन्सर वापरतात. नव्या गाड्यांच्या ब्लाइंड स्पॉट रडारवर ओरडतो. आणि इंटरसेप्टरसमोर गप्प राहतो. आठवड्याभरात माणूस आवाज बंद करतो, आणि गप्प यंत्र म्हणजे सगळं आलबेल असं मनाशी धरून बसतो. हा खोटा धीर पैसे वाया जाण्यापेक्षा धोक्याचा आहे. महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याने हे यंत्र विकत घेऊ नये, स्वस्त नाही आणि महागही नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी जे हाताशी आहे ते नीट वापरा. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक कारमध्ये ८० च्या वर गेल्यावर मधून मधून आणि १२० च्या वर सतत वाजणारी सूचना सक्तीची आहे. बरेच जण ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन ती बंद करून घेतात; करू नका. अनेक गाड्यांत मेनूमधून स्वतःचा आकडाही टाकता येतो. एक्सप्रेसवेला लागताना तो १०० वर ठेवा, समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे, तिथे त्याप्रमाणे. गुगल मॅप्स किंवा मॅपल्स फोनवर लावून वेगाचं वर्तुळ चालू ठेवा. ते जीपीएसवरून वेग काढतं, म्हणून लांब सरळ रस्त्यावर स्पीडोमीटरपेक्षा जास्त विश्वासाचं. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असाच बनवलेला असतो, त्यामुळे तो बहुधा दोन-चार किलोमीटर जास्तच सांगतो. पण टायर बदलले असतील तर हा हिशेब बिघडतो. १९५/६५ आर १५ टायरचा व्यास ६३४.५ मिलिमीटर. त्याजागी २०५/६५ आर १५ घातले की व्यास ६४७.५ होतो, आणि काटा १०० दाखवत असताना गाडी पूर्वीपेक्षा दोन टक्के जास्त धावत असते. मोठे टायर घातलेल्यांनी एकदा फोनशी ताडून बघावं.

चलान चुकीचं आलं असं वाटत असेल तर तिथेही यंत्राचा नाही, नियमांचा आधार घ्या. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७अ या नियमाने वेग टिपणाऱ्या उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं, अशी अट घातली आहे. कॅमेरे असलेल्या टप्प्याआधी तसे फलक हवेत, आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायला हवी. हलक्या वाहनाने वेगमर्यादा मोडल्यास कायद्यात १,००० ते २,००० रुपये दंड आहे. तक्रार करताना चलानावरचा फोटो, वेळ, जागा आणि तुमचा फास्टॅगचा टोल नाक्यावरचा वेळ शेजारी शेजारी ठेवा. दोन नाक्यांमधला वेळ हा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा.

अमेरिकेचं गणित उलटं आहे. न्यू जर्सी आणि टेक्सास दोन्हीकडे वेग टिपणाऱ्या स्वयंचलित कॅमेऱ्यांना कायद्याने मनाई आहे. त्यामुळे तिथे वेग पकडायचा तर माणसाला गन घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागतं, आणि बरेचदा त्याच्या गाडीवरचं केए बँडचं रडार सतत चालू असतं. डिटेक्टर तिथे कामाला येतो. शिवाय तिकीट म्हणजे फक्त दंड नाही. न्यू जर्सीत मर्यादेपेक्षा १४ मैलांपर्यंत जास्त गेलं तर लायसन्सवर २ पॉइंट, १५ ते २९ मैलांना ४, त्यावर ५. पॉइंट चढले की विम्याचा हप्ता पुढची काही वर्षं वाढून येतो. एडिसनहून रोज टर्नपाइक हा टोल महामार्ग धरणाऱ्याला, डॅलस-ह्यूस्टन महिन्यातून दोनदा करणाऱ्याला हा खर्च विचारात घेण्यासारखा आहे. रोज पाच मैलांवरच्या ऑफिसात गल्लीबोळांतून जाणाऱ्याला नाही. त्याने फोनवर वेझ हे नकाशाचं ॲप लावलं तरी पुरे.

या धंद्याची मुळंही तिथलीच. १९७४ मध्ये तेल टंचाईत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि लोकांना डिटेक्टरची गरज वाटू लागली. १९७८ मध्ये जिम जेगर आणि माइक व्हॅलेंटाइन यांच्या सिनसिनाटी मायक्रोवेव्हने एस्कॉर्ट काढला, आणि आधीच्या ढोबळ यंत्रांपेक्षा कितीतरी पटींनी संवेदनशील रिसीव्हर सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात आला. व्हॅलेंटाइन यांनी पुढे वेगळं होऊन १९९२ मध्ये व्हॅलेंटाइन वन आणला. धोका पुढे आहे, बाजूला आहे की मागे, हे बाणाने दाखवण्याची कल्पना त्यातली.

आज घ्यायचं तर बहुतेकांसाठी आमची पसंती युनिडेन आर४ ला. किंमत साधारण ४०० डॉलर, अँटेना एकच, बाण नाही, पण कान तिखट आणि फेरी जलद. जीपीएस आत आहे, त्यामुळे रोजच्या रस्त्यावरचा तोच तो दुकानाच्या दाराचा खोटा इशारा एकदा लक्षात ठेवून दिला की पुढे तिथे ते गप्प राहतं. आर८ ला पुढे-मागे दोन अँटेना आणि बाण, साधारण ६०० ते ७०० डॉलर. जास्तीचे दोनशे-तीनशे कशासाठी? बाणासाठी. पोलीस मागे पडला की पुढे आहे, हे कळल्यावर मन निवांत होतं आणि उगाच ब्रेक दाबला जात नाही. लांब प्रवास खूप असेल तर तो पैसा सार्थकी लागतो.

व्हॅलेंटाइन वनचा आताचा दुसऱ्या पिढीचा अवतार साधारण ५५० डॉलरचा. त्याचे बाण आणि ‘एकाच वेळी किती रडार’ हा आकडा सगळ्यात भरवशाचे. मात्र त्यात जीपीएस नाही. खोटे इशारे दाबायचे तर ब्लूटूथने फोन जोडून जेबीव्ही१ सारखं ॲप चालवावं लागतं, आणि त्या ॲपची सेटिंग्ज समजून घ्यायला दोन-तीन संध्याकाळी जातात. ज्याला हे करायची हौस आहे त्याला याहून चांगलं यंत्र नाही. ज्याला नाही त्याने घेऊ नये. एस्कॉर्टची मॅक्स ३६०सी मालिका साधारण ७०० डॉलरच्या घरात आहे. तिची मोठी सोय म्हणजे खोटे इशारे ती स्वतःहून शिकते: एकाच ठिकाणी काही वेळा तोच आकडा ऐकला की आपण होऊन गप्प होते. घरात गाडी दोघं-तिघं चालवतात आणि कुणालाच बटणं दाबायची नाहीत, अशा ठिकाणी ती बरी. दीडशे डॉलरच्या आतल्या यंत्रांबद्दल एवढंच: के बँडवर ती इतकी ओरडतात की खरा इशारा त्या गोंगाटात बुडतो.

बसवताना जागा निम्मं काम करते. समोरच्या काचेवर उंच, आरशाजवळ, पुढे आणि मागे दोन्हीकडे मोकळं दिसेल अशी. वायपरचं पातं अँटेनासमोर येऊ देऊ नका. काचेच्या वरच्या कडेचा रंगीत पट्टा चालतो, पण उन्हाची उष्णता परतवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली काच असेल तर तिच्यातून लहरी नीट येत नाहीत. अशा गाड्यांत आरशामागे ठिपक्या-ठिपक्यांचा एक मोकळा चौकोन ठेवलेला असतो. यंत्र नेमकं त्यामागे यायला हवं. यंत्र जमिनीला समांतर ठेवा. नाक वर किंवा खाली कललं की लांबचा इशारा कमी होतो, आणि काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांनी लावलेलं यंत्र उन्हात सैल होऊन असंच कलतं. वाट्या कोमट पाण्याने धुऊन, काच स्पिरिटने पुसून लावल्या की टिकतात.

वीज बारा व्होल्टच्या सॉकेटमधून घेता येते. कायमचं करायचं असेल तर फ्यूजपेटीत ‘ॲड-अ-फ्यूज’चा तुकडा घालून, चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या सर्किटवरून, २ अँपिअरचा फ्यूज देऊन. एअरबॅग किंवा एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही. काळी तार गाडीच्या पत्र्याला घट्ट बसलेल्या बोल्टवर. तार काचेच्या कडेच्या खांबातून खाली आणताना ती तिथल्या पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या मागून न्या. पुढून नेली तर अपघातात बॅग उघडताना तार आणि क्लिपा तोंडावर येतात. वायरचं टोक जुन्या टेलिफोनच्या पिनेसारखं असतं, आणि एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसतेसुद्धा. लावू नका. आतल्या तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि पाचशे डॉलरचं यंत्र एका क्षणात जळतं.

सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी एवढं करा. एक्स बँड बंद. ओहायो आणि न्यू जर्सीच्या जुन्या भागांत फिरत असाल तरच चालू. के बँडची गाळणी आणि ट्रॅफिक सेन्सरची गाळणी चालू. ‘पॉप’, म्हणजे क्षणभरच चालू होणारं रडार पकडायची सोय, बंद; त्याने फक्त खोटे इशारे वाढतात. केए बँडचे तुकडे करता येत असतील तर ३३.८, ३४.७ आणि ३५.५ च्या आसपासचेच ठेवा, फेरी लवकर पूर्ण होते. ठरावीक वेगाखाली आवाज दाबायची सोय ताशी ३० मैलांवर लावा, म्हणजे सिग्नलला आणि पार्किंगमध्ये शांतता राहते. एमआरसीडी नावाची कमी ताकदीची कॅमेरा-रडार न्यूयॉर्कसारख्या शहरात असते, तिथे जाणं असेल तरच ती ओळखायची सोय चालू करा. एरवी तिच्यापायी के बँडवरचे खोटे इशारे वाढतात. न्यूयॉर्क शहरात शाळांजवळचे स्पीड कॅमेरे ऑगस्ट २०२२ पासून चोवीस तास चालू असतात, हेही लक्षात असू द्या. आणि जोडीला वेझ असू द्याच: पुढे गेलेल्या माणसाने दिलेली पोलिसाची खबर लेझरच्या बाबतीत डिटेक्टरपेक्षा उपयोगी पडते.

कायद्याचं मात्र काळजीने पाहा. अमेरिकेत खासगी कारमध्ये डिटेक्टर बहुतेक राज्यांत चालतो. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डी.सी. मध्ये बंदी आहे, लष्करी तळांवर बंदी आहे, आणि मोठ्या व्यावसायिक ट्रकांमध्ये देशभर बंदी आहे. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात काचेवर काय आणि कुठे लावता येतं यावर निर्बंध आहेत. रडारलाच गोंधळवणारे जॅमर तर सगळीकडे गुन्हा. ते विकणाऱ्याच्या नादी लागू नका. कॅनडात अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया आणि सस्कॅचेवानमध्ये चालतो, पण टोरंटोत, म्हणजे ओंटारिओत, यंत्र जप्त होतं. दुबईला बदली झालेल्याने सामानात टाकूच नये, संयुक्त अरब अमिरातीत ते बेकायदा आहे. जर्मनीत गाडी चालवताना कॅमेऱ्यांची सूचना देणारं फोनवरचं ॲपसुद्धा वापरता येत नाही.

न्यू जर्सीहून वॉशिंग्टनला किंवा पुढे नॉर्थ कॅरोलायनाला आय-९५ ने जाणाऱ्यांची इथे हमखास गडबड होते, कारण वॉशिंग्टनमध्येच बंदी आहे आणि त्यापुढच्या वाटेत व्हर्जिनिया लागतं. व्हर्जिनियाच्या पोलिसांकडे डिटेक्टरच्याच रिसीव्हरमधून झिरपणारी बारीक लहर पकडणारी यंत्रं असतात. यंत्र नुसतं बंद करून आरशाखाली ठेवणं पुरत नाही. तिथल्या कायद्यात सूट आहे ती वीज तोडलेल्या आणि चालक-प्रवाशांच्या हाताला सहज न येणाऱ्या यंत्राला. मेरीलँडमध्येच, हद्द लागण्याआधीच्या रेस्ट एरियात थांबा, वायर उपसा, रबरी वाट्यांसकट यंत्र काढून डिकीत बॅगेच्या तळाशी ठेवा, आणि काचेवर वाट्यांचे गोल डाग उरले असतील तर तेही पुसून घ्या.